‘ताण’ म्हणजे स्ट्रेस नव्हे: प्रोजेक्टच्या मुलांना एआय कुठवर वापरू द्यावं

मॅडम, आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगतो. नागपुरातल्या तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षाची ‘ऑनर्स विथ रिसर्च’ची पहिलीच बॅच. ११ मुलांचे प्रोजेक्ट तुमच्या वाट्याला आले. ११ही सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचे सुरुवातीचे आराखडे, एकाच साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत, इंग्रजी तुमच्यामाझ्यापेक्षा बरं, आणि प्रत्येकात ‘या विषयावर विदर्भात फारसा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य आहेच. विभागप्रमुख म्हणतात, एआयनं लिहिलेलं ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाका, ज्याचं लाल येईल त्याचं परत करा. तुम्हाला ते पटत नाही, पण सगळं मोकळं सोडायचीही भीती वाटते. तर एआयवर बंदी घालू की परवानगी देऊ, आणि परवानगी दिली तर कुठवर, असं तुम्ही विचारलंय.

मी याच गावात पर्यावरणशास्त्र शिकवतो. विहिरींचं पाणी, नाग नदी, औष्णिक केंद्रांची राख, संत्र्याच्या बागेतली माती असले आमचे विषय. संगणक हा काही माझा प्रांत नाही. पण नोव्हेंबर २०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून दर वर्षी सात-आठ पोरांचे प्रोजेक्ट माझ्या टेबलावरून गेलेत. एआयनं त्यात कुठे गोंधळ घातला आणि कुठे खरोखर हात दिला, हे जवळून पाहिलंय. तेवढ्याच भांडवलावर बोलतो. तुमचा विषय कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. इतिहासाचे किंवा कॉमर्सचे प्रोजेक्ट असतील तर माझी निम्मी उदाहरणं तुम्हाला बदलून घ्यावी लागतील.

बंदीबद्दल आधी बोलतो, कारण ती मी घालून पाहिली आहे. २०२३ साली वर्गात उभं राहून ठणकावलं, प्रोजेक्टमध्ये एआय दिसलं तर सही करणार नाही. दोन दिवसांनी एक मुलगी आली. सरळ स्वभावाची. म्हणाली, ‘सर, मी प्रस्तावनेचं इंग्रजी त्यातून नीट करून घेतलं होतं, आता काय करू?’ मी बाणेदारपणे तिला अख्खी प्रस्तावना हातानं पुन्हा लिहायला लावली. बाकीचे गप्प बसले. पुढे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, लक्षात आलं की साहित्याचा आढावा म्हणून दिलेलं पूर्ण प्रकरण तिथून उचललेले तिघेजण होते, आणि त्यांना मी अंतर्गत गुण चांगले देऊन बसलो होतो. शिक्षा झाली ती खरं बोलली तिला. ते अजून सलतं. बंदीनं वापर थांबला नाही, फक्त माझ्यापर्यंत येणं थांबलं.

डिटेक्टरचं तर नावच काढू नका. ओपनएआयनं स्वतःच असं एक ओळखयंत्र काढलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३मध्ये त्यांनीच ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना टोफेल परीक्षेचे ९१ निबंध दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले. सरासरी काढली तर निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिलेले ठरले. कारण समजायला सोपं आहे. ही यंत्रं साधारणपणे बघतात की पुढचा शब्द किती अपेक्षित होता. मोजके शब्द, साधी वाक्यरचना, पाठ केल्यासारखी सुरुवात असली की त्यांना यंत्राचा वास येतो. आता नरखेड किंवा उमरेडकडून आलेलं, बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं आपलं पोरगं इंग्रजी कसं लिहितं? मोजक्या शब्दांत, साध्या वाक्यांत, पाठ केल्यासारखं. लाल त्याचंच येणार. आणि ज्याला एआयकडून ‘हे जरा माणसासारखं लिही’ असं करून घ्यायची अक्कल आहे तो सुटणार.

सिमिलॅरिटी रिपोर्टवरही विसंबू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे ४० आणि ६० अशा पायऱ्या आहेत. पण ते सॉफ्टवेअर आधी कुठेतरी असलेल्या मजकुराशी जुळणी बघतं, आणि एआयनं आत्ता या क्षणी जुळवलेलं वाक्य सहसा कुठेच नसतं. ‘सर, फक्त ४ टक्के आलं’ असं पोरगं छाती फुगवून सांगतं, तेव्हा उतारे चोरलेले सापडले नाहीत एवढंच कळतं. लिहिलं कुणी, ते त्या कागदावर नसतंच.

मग बघायचं काय? मी असा विचार करतो. आपल्या पोरांनी २४ विहिरींचं पाणी तपासलं नाही म्हणून जगाचं काही अडत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपुरातच आहे, पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८पासून इथं आहे. सगळ्यांकडे आपल्यापेक्षा चांगली उपकरणं. पोरांना प्रोजेक्ट देतो तो एवढ्यासाठी की सहा महिन्यांनी एखादा आकडा समोर आला तर ‘हा आला कुठून’ असं त्यांच्या तोंडून आपोआप निघावं. म्हणून एआयसाठी मी एकच फूटपट्टी ठेवली आहे. जे उत्तर पोरगं स्वतः तपासू शकतं ते त्यानं एआयला खुशाल विचारावं. जे तपासायची त्याची अजून तयारी नाही ते मला विचारावं, नाहीतर ग्रंथालयात जाऊन बसावं. ऐकायला सरळ आहे. घसरतं कुठे ते सांगतो.

काटोलकडचा एक मुलगा होता, घरी संत्र्याची बाग. गावातल्या विहिरींमधलं नायट्रेट मोजत होता. खतातला नायट्रोजन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. विषय जुनाच, पण गाव त्याचं म्हणून दिला. काम झकास केलं पोरानं. बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून एसटीनं नागपूर, ४८ तासांच्या आत प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, २२० नॅनोमीटरला वाचन आणि सेंद्रिय पदार्थांची दुरुस्ती करायला २७५ला दुसरं वाचन. आणि मग निष्कर्ष लिहून आणला की गावातल्या जवळपास सगळ्या विहिरी पिण्यास अयोग्य.

विचारलं, ‘मर्यादा किती धरली?’

‘१० मिलिग्रॅम प्रति लिटर, सर.’

‘कुठून आणली?’

‘चॅटजीपीटीनं सांगतली.’

गंमत बघा, चॅटजीपीटी खोटं बोललं नव्हतं. अमेरिकेत मर्यादा १०च आहे. पण ती नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनची. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, मर्यादा देतं ४५, आणि ती अख्ख्या नायट्रेटची. नायट्रोजनचा भार १४, नायट्रेटचा ६२. ६२ भागिले १४ म्हणजे ४.४३. अमेरिकेच्या १०ला ४.४३नं गुणा, ४४ येतात. म्हणजे दोन्ही देश जवळजवळ एकच गोष्ट दोन मापांत सांगतायत. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते, तीही अख्ख्या नायट्रेटची. आमच्या पठ्ठ्यानं स्वतःचं वाचन नायट्रेटमध्ये घेतलं आणि मर्यादा नायट्रोजनची लावली. पायलीनं मोजायचं आणि किलोचा भाव लावायचा, तसं. सगळं गाव बाद झालं.

मी काही बोललो नाही. खडू दिला आणि फळ्यावर नायट्रेटचा भार काढायला सांगितला. नायट्रोजन एक, ऑक्सिजन तीन. १४ अधिक ४८. तो थांबला, १०कडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘अरे बापा, म्या तं गावच्या साऱ्या विहिरी खराब करून ठेवल्या.’ मॅडम, पगार आपल्याला या अर्ध्या मिनिटाचा मिळतो असं मी मानतो. हे अर्धं मिनिट कुठलंही यंत्र आयतं आणून देणार नाही, पण ते घडलं यंत्राच्याच अर्धवट उत्तरातून, हेही खरं. त्यानंतर त्याला मी वापर थांबवायला सांगितलं नाही. मर्यादा विचारलीस तर सोबत तीन गोष्टी विचारायच्या, एवढंच सांगितलं: कुठल्या देशाची, कुठल्या मानकातली, कशाच्या रूपात मोजलेली. आणि मग मानकाचा तक्ता स्वतः उघडून बोट ठेवून बघायचं.

आकडेमोडीत धोका जास्त लपून असतो. एका मुलीनं पायथॉनचा कोड एआयकडून लिहून घेतला. याला माझी परवानगी असते. आमच्याकडे प्रोग्रॅमिंग शिकवणारं कुणी नाही, आणि कोड चालवून बघता येतो, म्हणजे तपासता येतो. असं मला वाटत होतं. आकडे सोपे करून सांगतो. समजा २४ नमुने. त्यातल्या पाचांपुढे तिनं आकड्याऐवजी ‘बीडीएल’ लिहिलेलं, म्हणजे उपकरणाला सापडण्याइतकंही नायट्रेट नाही. कोडनं तो रकाना आकड्यांत बदलताना ही अक्षरांत लिहिलेली पाचही उत्तरं रिकाम्या जागा समजून बाजूला टाकली आणि उरलेल्या १९ नमुन्यांची सरासरी काढली. आली ५२. ४५च्या वर. सगळ्यात स्वच्छ पाच विहिरी हिशोबातून गेल्या आणि कोडनं हूं की चूं केलं नाही. त्या पाचांना शोधमर्यादेच्या निम्मी किंमत, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम धरून पुन्हा काढलं तर सरासरी ४१. ४५च्या खाली. निष्कर्ष उलटा झाला.

आता निम्मी किंमत धरणं तरी बरोबर का, यावर जाणकारांत वाद आहेत. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी सरासरीच्या नादी न लागता मध्यक, म्हणजे क्रमानं लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, द्यावा. पण मुद्दा तो नाही. काय धरायचं हा निर्णय त्या मुलीनं घ्यायला हवा होता, आणि तो तिच्या नकळत कोडातल्या एका ओळीनं घेऊन टाकला. तेव्हापासून कोड कुणीही लिहो, पहिला प्रश्न ठरलेला: किती नमुने आत गेले, किती बाहेर आले? आणि पाच ओळींचं गणित कॅल्क्युलेटरवर हातानं करून कोडच्या उत्तराशेजारी लिहायचं.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो प्रसंग मात्र माझ्या विषयातला नाही. समाजकार्य शिकवणाऱ्या एका मित्राची विद्यार्थिनी संत्रा उत्पादकांच्या मुलाखती घेत होती, बागेतलं पाणी या भागापुरता मी मदतीला होतो. १२ मुलाखती, सगळ्या वऱ्हाडीत, मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या. तिनं मजकूर एआयकडून उतरवून घेतला, त्याचं इंग्रजी करून घेतलं, आणि ‘यातल्या मुख्य थीम्स काढ’ असंही त्यालाच सांगितलं. पहिली थीम निघाली मानसिक ताण. हिवाळ्याच्या सुरुवातीला वाढतो, जानेवारीत माणसं कोलमडतात. वाचायला अगदी खरं वाटतं हो. विदर्भ, शेतकरी, ताण. आपल्याकडून हेच ऐकायची जगाला सवय झाली आहे. मी म्हटलं, मूळ आवाज लाव.

आवाजात एक म्हातारबा मजेत सांगत होते, ‘आंब्यासाठी बाग ताणावर सोडली. आमची जमीन भारी हाय, म्हून ताण जास्त दिवस द्या लागते. मंग जानेवारीत ताण तोडला, का सारी बाग फुलावर!’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबिया बहार (म्हातारबांचा ‘आंब्या’) धरायचा तर पाऊस संपल्यावर संत्र्याचं पाणी तोडतात. झाड जरा मलूल होतं, वाढ थांबवतं, आतल्या आत अन्न साठवतं. हलक्या जमिनीत थोडे दिवस, काळ्या भारी जमिनीत जास्त. मग पाणी दिलं की भरभरून फुटतं. हे पाणी देणं म्हणजे ताण तोडणं. ताण झाडाला होता. म्हातारबा खुशीत होते. त्यांच्या ‘ताण तोडला’चं इंग्रजी मात्र असं झालं होतं की जानेवारीत गडी खचला.

यंत्राला दोष द्यावा तर ताण म्हणजे स्ट्रेसच, शेतीशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातही ‘वॉटर स्ट्रेस’च म्हणतात. पण बोलणारा झाडाबद्दल बोलतोय हे कळायला बाग पाहिलेली असावी लागते. विदर्भातल्या शेतकऱ्याबद्दलचा जो मजकूर त्याच्या पोटात गेलाय त्यात संकटच जास्त असणार, म्हणून त्यानं तो अर्थ उचलला असावा, हा माझा अंदाज. मुलगी नागपूर शहरातल्या धरमपेठेत वाढलेली, संत्री तिनं पाहिली ती ठेल्यावरची. माझा काटोलचा पोट्टा शेजारी बसला असता तर पहिल्या मिनिटाला हसला असता. म्हणजे फूटपट्टी इथंही तीच: ती हे तपासू शकत नव्हती, म्हणून हे काम देऊन टाकायचं नव्हतं.

मग तिनं काय केलं? १२ही मुलाखती कानानं ऐकल्या. ताण, गळ, डिंक्या, कोळशी, बहार फुटणं, अशा शब्दांची एक यादी केली आणि प्रत्येकापुढे बागवाल्याचा अर्थ लिहिला. चार मुलाखतींच्या थीम्स स्वतः हातानं काढल्या. त्यानंतर ती शब्दयादी देऊन त्याच चार मुलाखती एआयकडून करून घेतल्या आणि दोन्ही समोरासमोर ठेवल्या. कुठे जुळलं, कुठे नाही, का नाही, याची चार पानं तिच्या प्रबंधात परिशिष्ट म्हणून गेली. परीक्षकांनी तेवढीच पानं नीट वाचली, असं मला दुष्टपणे वाटतं.

याच संदर्भात एक सावधगिरी. मुलाखतीत नावं असतात, गाव असतं, कुणाचं किती कर्ज ते असतं. हे जसंच्या तसं फुकटच्या चॅटमध्ये टाकू नये. ज्यानं आपल्याला चहा पाजून मन मोकळं केलं त्यानं ते एखाद्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरसाठी केलं नव्हतं. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे गैर होतं. नावं काढा, गावाला ‘गाव क’ म्हणा, संमतीपत्रात एआयचा उल्लेख करा. आवाजावरून मजकूर उतरवायला व्हिस्परसारखं मॉडेल इंटरनेटशिवाय आपल्याच लॅपटॉपवर चालतं. वऱ्हाडीला अडखळतं, पण आवाज घराबाहेर जात नाही.

खोट्या संदर्भांचं आता सगळ्यांनाच ठाऊक झालंय, म्हणून थोडक्यात उरकतो. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेल्या खोट्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि ५००० डॉलरचा दंड भरला, तो किस्सा मी दर वर्षी सांगतो. हे यंत्र पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. संदर्भाचा साचा तर ठरलेलाच: आडनाव, वर्ष, लांबलचक शीर्षक, खंड, पान. तो साचा भरणं त्याच्यासाठी सगळ्यात सोपं, असा लेख खरंच आहे की नाही हा वेगळाच प्रश्न. शोध घेऊन उत्तर देणारी नवी साधनं यात सुधारली आहेत, पण लेख खरा आणि त्यात म्हटलेलं भलतंच, हा प्रकार उरतोच. माझ्याकडे नियम असा की डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, टाकून लेख उघडायचा, आणि निदान आपल्याला हवं ते पान वाचायचं. व्हायव्हात मी यादीतला कुठलाही एक संदर्भ उचलतो आणि विचारतो, यांनी नमुने किती घेतले होते?

तुमच्या ११ सिनॉप्सिसमधलं ते ‘विदर्भात अभ्यास झालेला नाही’ वाक्यही यातलंच. ‘रिसर्च गॅप’ लिहून दे म्हटलं की ते कुठल्याही विषयाला, कुठल्याही जिल्ह्याला चिकटवून मिळतं. विहिरीतल्या नायट्रेटवर नागपूर जिल्ह्यात कितीतरी काम झालेलं आहे. मुलांना एक दुपार शोधगंगावर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बसवा. ११पैकी किती वाक्यं जिवंत राहतात ते बघा. माझ्याकडे दोनच्या वर कधी राहिलेली नाहीत.

इतकं वाचून वाटेल की हा माणूस एआयच्या विरोधात आहे. नाही. दोन ठिकाणी मी ते आग्रहानं वापरायला लावतो.

एक म्हणजे भाषा. आपल्या पोरांची अर्धी ताकद इंग्रजीत जाते आणि जे सांगायचंय ते आतच राहतं. मी सांगतो, आधी मराठीत लिही, वऱ्हाडीत लिही, जसं मित्राला सांगशील तसं. मग एआयकडून इंग्रजी करून घे. मग दोन्ही शेजारी ठेवून एकेक वाक्य मला समजाव. या शेवटच्या पायरीला सूट नाही. एकदा मराठीत होतं, ‘उन्हाळ्यात थोडं जास्त दिसलं’. इंग्रजीत झालं ‘अलार्मिंग सीझनल कंटॅमिनेशन’. पोरीला विचारलं, अलार्मिंग म्हणजे? म्हणाली, धोक्याची घंटा. तू वाजवलीस का? नाही सर. मग काढ. मराठीतल्या ‘दिसलं’, ‘वाटतं’, ‘असावं’ या शब्दांना शास्त्रात मोल आहे, आणि एआय तेच शब्द सगळ्यात आधी खातं. मुलांना हे पकडायला शिकवलं की त्यांचं इंग्रजीही सुधारतं, माझ्या तासानं इतक्या वर्षांत सुधारलं नाही तेवढं.

दुसरं, उलटतपासणी. कामाची पद्धत लिहून झाली की ती एआयला देऊन सांगायचं, तू बाहेरून आलेला खडूस परीक्षक आहेस, उत्तरं देऊ नकोस, फक्त प्रश्न विचार. काटोलच्या त्या पोरानं हे केलं. बरेच प्रश्न फालतू होते. पण एक होता, विहीर झाकलेली आहे की उघडी, जवळ गोठा किंवा संडास आहे का, याची नोंद घेतली का? घेतली नव्हती. आणि खरं सांगतो, मलाही सुचलं नव्हतं. शेणखताचं आणि संडासाचं नायट्रेट खताच्या खात्यावर मांडून आम्ही मोकळे झालो असतो. पोरगं पुढच्या रविवारी पुन्हा गावात गेलं आणि सगळ्या विहिरींभोवती पावलांनी अंतरं मोजून आलं.

रोजचं कामकाज कसं बसवतो तेही सांगतो. पहिले तीन आठवडे एआय बंद. जागेवर जायचं, माणसांशी बोलायचं, प्रश्न स्वतः खोडून खोडून लिहायचा. प्रश्न वाकडा असला तरी चालेल, स्वतःचा हवा. त्यानंतर वापर खुला, पण रफ वहीत नोंद करायची: तारीख, साधन कोणतं, काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं काय घेतलं आणि काय टाकलं, का टाकलं. हा शेवटचा रकाना मी आधी वाचतो. ज्यानं काहीच टाकलेलं नाही त्यानं काहीच तपासलेलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी प्रत्येकाला १५ मिनिटं. वहीचं कुठलंही पान उघडायचं आणि विचारायचं, हे वाक्य काढून टाकलं तर तुझ्या निष्कर्षाचं काय बिघडेल? अंतर्गत गुणांतले निम्मे मी या वहीला आणि या बोलण्याला देतो. प्रबंध किती देखणा दिसतो याला जवळपास काही नाही. ११ मुलं म्हणजे पावणेतीन तास होतात, मला कल्पना आहे. तुमच्यावर तासिकांचा बोजा किती आहे त्यावर हे अवलंबून. नाही जमलं तर तीन-तीनच्या गटात घ्या, पण टाळू नका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं परिपत्रक असेल तर आधी ते, मग माझं. पीएचडीच्या विद्यार्थ्याला मी बरीच मोकळीक देतो, कारण त्याला तपासता येतं, किंवा यायला हवं. शोधनिबंध पाठवायचा असेल तर त्या नियतकालिकाचे नियम वाचा. नेचर, सायन्ससारखी नियतकालिकं एआयला लेखक मानत नाहीत, आणि वापर केला असेल तर सांगायला लावतात. आणखी एक गोष्ट जिच्यावर फार बोललं जात नाही: एखाद्याच्या बापानं महिन्याच्या पैशांवर भारी आवृत्ती घेऊन दिलेली असते, एखादा फुकटच्या आवृत्तीवर, मेसमध्ये मित्राचा हॉटस्पॉट मागून काम करून राहिला असतो. दोघांना एकाच मापानं मोजताना हे डोक्यात ठेवा. वही आणि तोंडी प्रश्न मला बरे वाटतात त्याचं हेही एक कारण.

राहिला प्रश्न सोमवारचा. ते ११ सिनॉप्सिस परत करू नका आणि मंजूरही करू नका. कुणी एआय वापरलं हे विचारूच नका. सगळ्यांनी वापरलंय असं धरून चला आणि तसं मोकळेपणानं सांगा, म्हणजे खोटं बोलायची गरजच राहत नाही. एकेकाला दहा मिनिटं बोलवा, सिनॉप्सिस पालथा ठेवायला सांगा आणि मराठीत विचारा, तुला नेमकं काय शोधायचंय, आणि ते शोधायला परवा सकाळी तू कुठे जाशील? जो जागेचं नाव घेईल, विहीर कुणाची ते सांगेल, बस किती वाजता सुटते ते सांगेल, त्याचा विषय ठेवा, भाषा मागाहून बघू. जो तोंड बघत राहील त्याला तीन आठवडे द्या आणि बाहेर पाठवा. विभागप्रमुखांना डिटेक्टरच हवा असेल तर त्यांचा स्वतःचा एखादा जुना इंग्रजी शोधनिबंध आधी त्यात टाकून बघायला सांगा. मी माझा २०११चा टाकला होता. बराचसा लाल आला.